मोहाच्या डबक्याचा निवाडा

फार पूर्वी रानात अस्वल पंच होतं. मोहाची फुलं डबक्यात आंबून त्यांची दारू झाली आणि रेडा रोज झिंगू लागला.

"ओझी वाहून अंग मोडतं हो," अस्वलाने जाब विचारल्यावर रेडा म्हणाला.

पहारेकरी घुबडही झिंगलेलंच होतं. "मला जागरण सोसत नाही!"

अस्वलाने हसत दोघांची कामं बदलली. दुसऱ्या दिवशी दोघंही डबक्यापाशीच लोळत होते.

"जागरण!" रेडा कण्हला.

"ओझं!" घुबड विव्हळलं.

अस्वल खवळलं. "आजपासून रानात कुणालाच काम नाही. बघू आता काय सांगता!"

संध्याकाळी अख्खं रान डबक्याकाठी जमलं. "रिकामा वेळ खायला उठतो, पंच!"

अस्वलाने कपाळाला हात लावला आणि गर्दीत अंग घुसवलं.

"सरका रे. तुमचे निवाडे करून डोकं उठलंय माझं."