उकिरड्यावरचा कोंबडा

माणसांपेक्षा जनावरंच जास्त बोलत, तेव्हाची गोष्ट. एका गोठ्यामागे शेणाचा भलामोठा उकिरडा होता आणि त्यावर एक तुरेवाला कोंबडा दिवसभर मिरवत असे. उकिरड्याच्या वाफेने आणि दर्पाने कबरी नावाच्या म्हशीचं पारडू मात्र दूध सोडून खोकत राही.

मालकिणीने गोबरगॅसची टाकी बांधायला घेतली तसा कोंबडा खवळला. "शेण झाकून ठेवणार? गोठ्याची शानच जाईल!"

"शान कुणाची रे?" कबरी म्हणाली. "यातून निघणारा वायू वर जाऊन हवा तापवतो नि खाली माझं पोर गुदमरतं."

"तुला काय कळतंय? इथून मला अख्खं गाव दिसतं."

"आणि तू कशावर उभा आहेस, ते अख्ख्या गावाला दिसतं."

टाकी झाली. शेण आत गेलं, मालकिणीची शेगडी त्याच वायूवर पेटू लागली आणि पारडू पुन्हा आचळाला लागलं. आता तरी हा गप्प बसेल, असं कबरीला वाटलं. पण कोंबडा कोंबड्यांना सांगत होता, "टाकीची कल्पना मुळात माझीच."

कबरीने शेपटी उचलली आणि टाकीसाठीचा शेणाचा ताजा पो नेमका त्याच्या पुढ्यात टाकला.