राणीसरकारांच्या मापाची बांगडी

"पुनवेच्या आत बाजारगल्लीतल्या झाडून साऱ्यांनी आपापले देव सोडायचे आणि सूर्याची दीक्षा घ्यायची! तीही हसत हसत! एकाच्या जरी कपाळाला आठी दिसली, तर सारी गल्ली नदीपलीकडे! आणि गोजराबाई, त्यांना घेऊन यायचं काम तुझं!"

गोजरा कासारीण बिचारी राणीसरकारांना बांगड्या भरायला राजवाड्यात आली होती. चांदगिरीच्या विजयमल्ल महाराजांनी हे भलतंच लोढणं तिच्या गळ्यात अडकवलं.

"मीच का, महाराज?"

"गल्लीतल्या प्रत्येक बाईचा हात तुझ्या हातात येतो. तुझं ऐकतील. आणि मी काय वाईट देतोय का? मला जे उत्तम, ते सगळ्यांना उत्तम!"

महाराज माणूस वाईट नव्हता हो! मोठ्या दुखण्यातून ते उठले ते सकाळच्या उन्हात बसून. तेव्हापासून त्यांची सूर्यावर भक्ती जडली. इथवर कुणाची काही तक्रार नव्हती.

महाराज निघून गेल्यावर राणीसरकार हळूच म्हणाल्या, "पूर्वी सूर्याला हात जोडताना डोळे मिटायचे, गं. आता उघडे ठेवतात. कोण हात जोडत नाही ते बघायला!"

गोजरा घरी आली, तोवर गल्लीत हुकमाची दवंडी पिटून झाली होती आणि शेजारची हमीदाबी भांडी गाठोड्यात बांधत होती. दोघींची भिंतीला भिंत. गोजराच्या काळिकेचा नैवेद्य आणि हमीदाबीच्या ईदेची खीर त्या भिंतीवरून कित्येक वर्षं ये-जा करत होती.

"भांडी नेईन गं, गोजराक्का," हमीदाबी म्हणाली. "पण माझ्या सासूची कबर हितं हाय. ती कशात बांधू?"

गोजराला महाराजांचा भयंकर राग आला, आणि राग आला की गोजराचं डोकं फार छान चालायचं.

पुनवेच्या दिवशी ती दरबारात हजर झाली. एकटीच!

"गल्ली कुठाय?" महाराज गरजले.

"दाराशी उभी आहे, महाराज. पण इतक्या जणांच्या गळी एकच गोष्ट उतरवायची, तीही हसत हसत, म्हणजे हात बसायला हवा. आधी तुमच्यावर थोडा सराव करते. तेवढं अभय द्या!"

"दिलं!"

गोजरानं टोपलीतून सूर्याच्या रंगाची एक केशरी काचेची बांगडी काढली.

"हात पुढे करा, महाराज."

दरबार हबकला. सरदारांचे हात तलवारींकडे गेले. राजाला बांगडी?

"राणीसरकारांच्या हातात हीच आहे. त्यांना उत्तम बसली, म्हणजे तुम्हालाही उत्तम बसणार!" गोजरा म्हणाली.

अभय देऊन बसलेला राजा करतो काय? त्यानं हात पुढे केला. गदा फिरवून रुंद झालेला तो पंजा, आणि ती एवढीशी बांगडी! गोजरानं अंगठा आत दाबला, बोटं आवळली आणि जोर लावला.

"आई गं! अंगठा मोडशील!"

"हात सैल सोडा, महाराज. आणि जरा हसा की!"

महाराजांनी दात काढले. ते हसू बघून पुढच्या रांगेतला एक म्हातारा सरदार दचकला.

"अं हं! कपाळाला आठी दिसतेय!"

"गोजरे!"

"का, महाराज? बांगडीत काही खोट आहे का?"

"बांगडी झकास आहे, गं बाई! पण ती माझ्या हाताची नाही!"

कट्! बांगडी पिचली. महाराजांच्या मनगटावर रक्ताचा बारीकसा थेंब आला.

"धरा तिला!" प्रधानजी ओरडले.

"थांबा!" महाराज मनगट चोळत म्हणाले. "आता मला सांग, गोजराबाई, दोष कुणाचा? बांगडीचा, की माझ्या हाताचा?"

"दोघांचाही नाही, महाराज. आम्हा कासारांची रीत आहे. बांगडी भरताना पिचली, तर ती भरणाऱ्याच्या माथी. ज्यानं हात पुढे केला, त्याला कुणी बोल लावत नाही, आणि नदीपलीकडे तर मुळीच धाडत नाही!"

महाराजांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग शेजारी राणीसरकारांच्या हाताकडे पाहिलं. तिथे तीच केशरी बांगडी ऐटीत किणकिणत होती. महाराजांच्या मिशा हलल्या, खांदे हलले, आणि ते असे खदखदून हसले की प्रधानजींनाही नाइलाजानं हसावं लागलं.

"दवंडी मागे घ्या! बाजारगल्लीला म्हणावं, गाठोडी सोडा! आणि आमच्या कासारणीसाठी सोन्याच्या पाटल्या आणा!"

तबकभर पाटल्या आल्या. महाराजांनी स्वतः त्यातली एक जोडी उचलली, गोजराचा हात धरला आणि एकदम थबकले. पाटल्या त्यांनी पुन्हा तबकात ठेवल्या.

"गोजराबाई," महाराज अदबीनं म्हणाले, "माप काय गं तुझ्या हाताचं?"