उपाशी गोधडी

फार मागं, डोंगरापलीकडच्या एका गावात काय झालं, ते सांगतो. जवळ सरका. पाय आत घ्या.

त्या गावात भिवरा नावाची मुलगी होती. बारा-तेरा वर्षांची असेल. तिच्या हातांना स्वस्थता म्हणून नव्हती. चिंधी दिसली की तिची बाहुली व्हायची. रानात गुंजा सापडल्या की त्यांची माळ व्हायची. फुटक्या बांगड्यांचे तुकडे ती दिव्यावर धरायची, वाकवायची आणि एकात एक अडकवून साखळी करायची. घरातली कामं उरकली की बाकीच्या मुली खेळायला जायच्या, ही सुई घेऊन उंबऱ्यात बसायची. टाके घालता घालता गुणगुणायची. कुणी सांगितलं म्हणून नाही, बरं का. तिला ते गोडच लागायचं.

तिची धाकटी बहीण होती सोनकी. पाच वर्षांची. ती भिवराच्या मांडीला टेकून बसायची आणि दोऱ्याचा गुंता करून ठेवायची.

"सोनके, हात काढ!"

"मी शिवतेय."

"तू शिवत नाहीस, तू उंदरासारखी कुरतडतेस."

मग दोघी हसायच्या.

एकदा भिवरानं गोधडी शिवायला घेतली. वडिलांचं धोतर, आईचं लुगडं, सोनकीची झबली, सगळं त्यात गेलं. मधोमध पहिला टाका घातला आणि गोल गोल फिरत बाहेर आली. एक हिवाळा गेला. दुसरा गेला. तिसऱ्या हिवाळ्यात शेवटचा कोपरा तेवढा राहिला.

आता त्या गावात एक रीत होती. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी त्यात भाकरीचा एक घास ठेवायचा. गोधडी आपल्याला ऊब देते, मग तिला उपाशी कसं ठेवायचं? म्हणून.

भिवरानं घास हातात घेतला. कोपऱ्याकडं पाहिलं. गोधडी कशी पाण्यासारखी सपाट झाली होती. घास घातला तर तिथं फुगवटा येणार. तीन हिवाळ्यांचं काम, आणि कोपऱ्याला टेंगूळ!

तिनं घास कोंबडीला टाकला आणि कोपरा शिवून टाकला.

शेजारी ठकूआत्या राहायची. म्हातारी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिवराला सुई धरायला तिनंच शिकवलं होतं. तिनं विचारलं, "घास घातलास ना गं?"

"घातला की, आत्या," भिवरा म्हणाली.

खोटं बोलली. पहिल्यांदाच बोलली, म्हणून आत्याला कळलं नाही.

मग भिवरानं गोधडीला दागिने केले. चारी कोपऱ्यांना कवड्यांचे झुबके, काठाला गुंजांची माळ, वरच्या बाजूला काचेची साखळी. बायका बघायला आल्या. एक म्हणाली, "अगं बाई, नवरीच आणलीस की घरात!" भिवराचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी तिनं गोधडी कुंपणाच्या भिंतीवर उन्हात टाकली. भर दुपार होती. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. तरी काचेची साखळी वाजली. किण. किण.

भिवरा बाहेर आली. भिंतीवर कोंबडी बसली होती, ती दिसेना. पीस नाही, रक्त नाही. आणि गोधडीवर, कडेपासून बरीच आत, पिवळ्या दोऱ्याची एक कोंबडी होती. टाके इतके बारीक, की भिवराला स्वतःलाही जमले नसते.

ती गोधडी ओढून काढायला गेली. पण तेवढ्यात बायका आल्या. "अगं, कोंबडी किती सुरेख काढलीस!"

भिवरा हळूच म्हणाली, "काल रात्री काढली."

तिसऱ्या दिवशी शेळीचं करडू गेलं. दावं तसंच खुंट्याला होतं. गोधडीच्या कडेला पांढरं करडू होतं, तोंड उघडलेलं, जणू ओरडता ओरडता थांबलं. आता भिवरा खरंच घाबरली. तिनं गोधडीची घडी केली, पेटीत घातली, वर जातं ठेवलं. पण कुणाला बोलली नाही. काय सांगणार? खोटं बोलले म्हणून सांगणार?

मग एके दिवशी दुपारीच हवा गारठली. गार वारा सुटला. आई-वडील ज्वारी काढायला लांबच्या शेतात गेलेले. भिवरा विहिरीवर पाण्याला गेली. सोनकीला थंडी वाजली. पेटीवर जातं ठेवलं होतं खरं, पण जातं खाली पडलं होतं. कसं पडलं, कुणी पाहिलं नाही. पेटी उघडी होती. आणि सोनकीला वाटलं, ताईची नवी गोधडी, थोडंसं निजूया.

भिवरा परत आली. दारातच तिला ऐकू आलं. किण. किण. किण.

गोधडी जमिनीवर पसरलेली होती. सपाट. तिच्या मधोमध लाल दोऱ्याची एक छोटी मुलगी होती. एक हात वर केलेला. डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी.

भिवराच्या हातातली घागर फुटली.

तिचं ओरडणं ऐकून ठकूआत्या भिंत चाचपत आली. तिनं गोधडीवरून हात फिरवला. चारी कोपरे दाबून पाहिले. तिचं तोंड पांढरं पडलं.

"भिवरे, नटवलंस हिला. जेवू घातलंस का?"

"नाही, आत्या. मी खोटं बोलले."

आत्या रागावली नाही. रागवायला वेळच नव्हता. भिवरानं धावत जाऊन भाकरी आणली, कोपरा उसवून आत घातली. गोधडीनं ती बाहेर टाकली. तीनदा घातली, तीनदा टाकली.

"तिला आता माणसाची चव लागली," आत्या म्हणाली. "भाकरी नाही चालायची. ऐक. सगळी गोधडी उसव. शेवटच्या टाक्यापासून पहिल्या टाक्यापर्यंत. कात्री लावू नकोस. कात्रीला दोरा कुठला आणि पोर कुठली, ते कळत नाही. दोरा तुटला तर सोनकीचं काहीतरी आतच राहील. आणि दिवेलागणीच्या आत सोडव. नंतर तिचा रंग उडेल, आणि मग ती नुसता दोरा."

"आत्या, तू पण हातभार लाव ना."

"मला टाका दिसत नाही गं पोरी. मी दागिने काढते. चाचपून."

मग दोघी बसल्या. आत्या कवड्या काढू लागली, गुंजा काढू लागली. भिवरा सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायची आणि दोरा ओढायची. सर्र. सर्र. बाहेर ऊन कलत होतं. सोनकीचा लाल दोरा फिका होत होता.

थोडी उसवली, आणि गोधडी बोलली. हळू, चिंधी फाटावी तशा आवाजात.

"भिवरा, तीन हिवाळे लागले तुला. माझ्यासारखी पुन्हा होणार नाही."

भिवराच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरंच होतं ते. पण तिनं दोरा ओढला. पांढरं करडू उडी मारून बाहेर आलं आणि में में करत आत्याच्या पदराखाली शिरलं.

अर्धी उसवली. गोधडी पुन्हा बोलली.

"गावात तुझं नाव झालं ते माझ्यामुळं. उद्या कोण विचारणार तुला?"

भिवराचे हात थांबले. एवढंसं थांबले. मग तिनं दोरा ओढला. कोंबडी फडफडत निघाली आणि आढ्यावर जाऊन बसली.

आता मधला भाग राहिला. ऊन दारातून गेलं. सोनकीचा रंग राखेसारखा झाला होता. आणि या वेळी गोधडी बोलली नाही. सोनकी बोलली.

"ताई, दुखतंय. थांब ना."

आवाज तिचाच. अगदी तिचाच.  भिवरानं हात झटकन मागं घेतला, आणि दोरा तटकन तुटला. आतून सोनकी किंचाळली.

"आत्या! मी काय करू? तिला दुखतंय!"

आत्यानं विचारलं, "तिच्या पायात काटा गेला तर काय करतेस?"

भिवरानं डोळे पुसले. तिनं त्या दोऱ्याच्या मुलीवर तळहात ठेवला. गार होती, पण आत काहीतरी धडधडत होतं. "सोनके," ती म्हणाली, "मोठ्यानं रड. शिव्या दे मला. मी थांबायची नाही."

सोनकी रडली. खूप रडली. भिवरा तुटलेलं टोक नखानं शोधून उसवत राहिली. दोन फेरे राहिले. एक राहिला. शेजारच्या घरी कुणीतरी दिवा लावायला काडी ओढली, आणि तेवढ्यात भिवरानं तीन हिवाळ्यांपूर्वी घातलेला पहिला टाका ओढून काढला.

गोधडी नुसत्या चिंध्या झाली. आणि त्या चिंध्यांच्या ढिगात सोनकी बसली होती. नाक पुसत.

"तू वाईट आहेस," ती म्हणाली.

"हो गं," भिवरा म्हणाली, आणि तिला असं आवळून धरलं की सोनकीला श्वास घेता येईना.

आई-वडील आल्यावर भिवरानं सगळं सांगितलं. घास कोंबडीला टाकला तेसुद्धा. आईनं दोघींना कुशीत घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.

जिथं दोरा तुटला होता ना, तिथं थोडं काही राहून गेलं होतं. सोनकीच्या डाव्या हाताची करंगळी कापडासारखी मऊ झाली होती. दाबली तर दाबली जायची. तिला तिथं काही कळायचं नाही.

त्या दिवसानंतर भिवरानं सुईला हात लावला नाही. ती उंबऱ्यात बसायची, हात मांडीवर ठेवून. सुई पाहिली तरी तिला घाम फुटायचा. असा एक महिना गेला, दोन गेले.

मग एके दिवशी सकाळी सोनकी तिच्याजवळ येऊन बसली. तिनं कुठून तरी सुई आणली होती. एक चिंधी घेतली आणि शिवू लागली. टाका एक इथं, एक तिथं. सुई थेट करंगळीत घुसली.

भिवरा ओरडली, "सोनके!"

सोनकीनं सुई काढली, करंगळी नाचवून दाखवली आणि खदखदून हसली. "काही होत नाही हिला! टोच ना, टोच!"

भिवरानं त्या मऊ करंगळीचा मुका घेतला. मग म्हणाली, "अगं, दोरा इतका लांब घेऊ नये. आण इकडं."

आणि दोघी शिवत बसल्या. बाहुलीचा परकर झाला. वाकडा झाला. त्यांना आवडला. पुढं सोनकी मोठी शिवणारीण झाली. सुई टोचू नये म्हणून बायका बोटात टोपण घालतात ना? तिला ते कधी लागलं नाही, तिची करंगळी होती ना.

सगळी सुखात राहिली. करडाची शेळी झाली, कोंबडीनं अंडी घातली.

संपली गोष्ट. आता कूस बदला. मी इथंच बसलोय, तुमचा डोळा लागेपर्यंत.