ढोलीतली रबरं

चूक म्हाताऱ्या हुप्प्याची, दुसऱ्या कुणाची नाही. झाडं-प्राणी बोलायचे तेव्हाची गोष्ट. त्याच्या नातवाचे, झिपऱ्या वानराचे, वरचे-खालचे दात जुळत नव्हते, म्हणून त्याला चिंचोका फुटत नसे. सुतारपक्ष्याने दातांना तार बसवली, वडाच्या चिकाची रबरं दिली आणि बजावलं, "वरच्या दातापासून खालच्या दाताला रोज नवं रबर अडकव. खाडा केलास तर दात पुन्हा फिरतील."

हुप्प्याने सगळी रबरं ढोलीत कोंबली. "नवी वस्तू रोज वापरतात? माज आलाय! सणासुदीला लाव."

"आजोबा, जबडा रोज ओढला गेला पाहिजे."

"मला शिकवतोस, वाकड्या?"

चैत्रात सणाला ढोली उघडली, तर रबरं वाळून तुटलेली. दातही होते तसेच वाकडे.

"रबरंच भिकार होती," हुप्प्या म्हणाला.

झिपऱ्याला जन्मात एकही चिंचोका फोडता आला नाही.