येशूच्या हातचं पान

वसईकडच्या एका गावात नव्या भाताच्या पहिल्या लोंब्या वेशीवरच्या क्रूसाला वाहतात. तेव्हा प्रार्थना सांगायचा मान इनासबाबांचा. बाबांना अक्षर येत नव्हतं. बापाच्या तोंडून ऐकलेलं तेच ते म्हणत.

एका साली चर्चच्या कमिटीचे प्रमुख लुद्रीक मास्तर बायबलाचा वर्ग करून आले आणि भर लोकांत म्हणाले, "बाबा, ही प्रार्थना शास्त्रात कुठं आहे? लिहिलेलं नाही ते मी मानत नाही. आजपासून ती बंद."

बाबांच्या हातातल्या लोंब्या तशाच राहिल्या. ते म्हणाले, "बरं मास्तर. मग येशूनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं एक पान दाखवा, म्हणजे मी घरी जातो."

"तसं पान नाही. प्रभूनं लिहिलं ते एकदाच, बोटानं जमिनीवर."

"मग त्याचं बोलणं पुस्तकात आलं कसं?"

"शिष्यांनी ऐकलं, लोकांना सांगितलं, मग कितीतरी वर्षांनी कुणी लिहून ठेवलं."

"म्हणजे तोवर तुमचं पुस्तकही माझ्यासारखं तोंडपाठच होतं की," बाबा म्हणाले. "तेव्हा लिहिलेलं नाही म्हणून कुणी ते बंद केलं नाही, हे बरं झालं."

लोक हसले. मास्तरही हसले आणि टोपी काढून म्हणाले, "सांगा बाबा. मी मागून म्हणतो."