पितळी माप आणि चिरुटाची पेटी

एका गावात एक बाई होती, आणि ती कोणाचं मुकाट्याने ऐकून घेणारी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. नाव गोजरा. दिवसभर चिरूट वळायची. एकदा तिने चिरुटांची रिकामी लाकडी पेटी घरी आणली, तिला दांडी ठोकली, दांडीवर सुरांचे पडदे बांधले, तीन तारा ताणल्या आणि झालं की वाद्य!

खरी कटकट पुढेच होती. तारा ज्या लाकडी पट्टीवर टेकतात, तिला घोडी म्हणतात. घोडी ठेंगणी झाली की तारा पडद्यांना घासून खरखरतात. उंच झाली की तार दाबताना बोटं सोलतात आणि सूर चढतो. गोजराने कानस घेतली. थोडं घासायचं, वाजवून बघायचं, पुन्हा थोडं घासायचं. दोन घोड्या वाया गेल्या. तिसरी मात्र नेमकी बसली. खरखर नाही, बोटांना त्रास नाही.

त्या गावची एक रीत होती. जत्रेत मंचावर वाजवायचं तर आधी वाद्य परीक्षकबुवांना दाखवायचं. बुवांकडे एक पितळी माप होतं. ते तारांखालून गेलं तरच लाखेचा शिक्का. हे माप बुवांच्या आजोबांनी स्वतःच्या भल्यामोठ्या वीणेसाठी केलं होतं, पण ते आता कोणाच्या ध्यानातही नव्हतं. गोजराला मंचावर वाजवायचंच होतं. वर्षभर तिने दुसरा विचार केला नव्हता.

जत्रेच्या पहिल्याच दिवशी तिच्या पेटीवर माप अडलं.

"तारा फार खाली आहेत," बुवा म्हणाले आणि त्यांनी स्वतःच घोडीखाली एक लाकडी चकती सरकवली. माप गेलं, शिक्का बसला. "वाजव आता."

तिने वाजवलं. दाबला तो सूर चढा. लोक हसले.

"पेटीच भिकार, त्याला कोण काय करणार," बुवा म्हणाले. "पण शिक्का मिळालाय ना? चढ मंचावर."

गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. तिने चकती उपसली, शिक्का फोडला आणि बुवांच्या हातावर दोन्ही ठेवलं.

"काल ही पेटी सुरात होती, बुवा. बिघडवलीत तुम्ही, आणि नावं ठेवता हिला? असं बेसूर वाजवायला मी वर येणार नाही."

तारा पुन्हा जुळवून ती मंचाखाली मातीतच बसली आणि वाजवू लागली. हसणारे जवळ सरकून ऐकू लागले. बुवांनी तिला उठायला सांगितलं, ती उठली नाही. मंचावर तिला शेवटपर्यंत कोणी बोलावलं नाही, हेही खरं.

पण तिसऱ्या दिवशी गावचे एक म्हातारे सतारिये मंचावरून खाली उतरले. तीस वर्षं शिक्क्याची सतार वाजवून त्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. बुवांच्या देखत त्यांनी आपली सतार तिच्यापुढे ठेवली.

"बाई, कानस आहे ना? माझीही घोडी जरा घासून द्या."

तात्पर्य, लहानांसाठी आणि थोरांसाठीसुद्धा: दुसऱ्याच्या मापात बसायला म्हणून आपला सूर बिघडवू नका, मग मंच मिळो वा न मिळो.