आमचा माळ

जमिनी एकमेकींशी मोकळेपणानं बोलत, तेव्हाची ही गोष्ट. कोंडाबाईच्या काळ्या रानाला स्वतःचा भारी तोरा होता. शेजारच्या खडकाळ माळाला ते रोज हिणवायचं, "तुझ्यावर तर शेळीचंही पोट भरत नाही!"

एका उन्हाळ्यात उन्हापासून वीज करणारी माणसं आली. त्यांनी सपाट जागा पाहून काळ्या रानातच पहिला खांब रोवला.

"बघ, इथंही मीच लागतो!" रान म्हणालं.

"अन् मी पेरू कुठं?" कोंडाबाई काकुळतीला आली.

पाऊस पडला. काळी माती दरवर्षीसारखी भिजून फुगली आणि खांब कलला. माणसांनी तो सरळ केला. चार सरींनंतर तो पुन्हा कलला. रान ओशाळलं.

"मला साधा एक खांब धरता येईना रे."

"ज्या मातीत बी रुजतं, ती हलणारच," माळ म्हणाला. "खांब माझ्याकडे दे. मी जन्मात हललो नाही."

माणसांनी खांब माळावर नेले, त्यांवर ऊन झेलणाऱ्या काचा बसवल्या आणि ते तसूभरही हलले नाहीत. त्या विजेवर विहिरीचा पंप भरदिवसा चालू लागला. ज्वारी डोक्याएवढी झाली. पहिलं कणीस देवाला ठेवायची रीत होती. यंदा कोंडाबाई ते घेऊन माळ चढली आणि तिथल्या दगडावर ठेवून तिनं हात जोडले.

तेवढ्यात उडत आलेल्या टिटवीनं रानाला विचारलं, "ते वर काय लखलखतंय?"

रान ऐटीत म्हणालं, "ते होय? तो आमचा माळ!"